विजेची मोटार आणि घराची निगा

जी वस्तु कुरकुरत नाहीं, तिच्याकडे घराचें दुर्लक्ष होतें, हा संसारांतील जुना अनुभव आहे. विहिरीचा रहाट करकरूं लागला म्हणजे त्यास तेल मिळे. परंतु निमूटपणें काम करणारा माणूस असो वा यंत्र असो, त्याची विचारपूस बहुधा खोळंबा झाल्यावरच होते. विजेवर चालणारी मोटार दारांत आल्यापासून आम्हांस याचा नव्यानें प्रत्यय येत आहे. ही गाडी आवाज करीत नाहीं, धूर सोडीत नाहीं, तिच्याखालीं तेलाचे डाग पडत नाहींत. त्यामुळें "हिला कांहीं करावें लागत नाहीं" हें वाक्य आतां घरोघर ऐकूं येतें. आमच्या मतें हें वाक्य अर्धें खरें आहे. राहिलेलें अर्धें मात्र महाग पडणारें आहे.

आम्ही पनवेलजवळ विचुंबे येथें राहतों. या टापूस वीज नवी नाहीं. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घाटाखालीं आणून टाटांनीं खोपोलीस १९१५ सालीं वीज निर्माण केली व तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली, आणि १९३० पासून डेक्कन क्वीन विजेच्या बळावर बोरघाट चढूं लागली. परंतु आगगाडीची निगा राखावयास रेल्वेचें मोठें खातें असतें. दारांतल्या मोटारीचें खातें म्हणजे आपलें घरच. आमच्या घरीं लहानमोठीं अकरा माणसें, त्यांत गाडी चालविणारीं चार. तेव्हां हें खातें कोणीं सांभाळावें, हा प्रश्न लौकरच उभा राहिला.

प्रथम जें खरें आहे तें सांगतों. एंजिनाचें तेल, तेलाची गाळणी, स्पार्क प्लग, क्लच ही सारी यादी येथें पुसली जाते. उरतात तीं चाकें, ब्रेक, बॅटरी थंड ठेवणारा द्रव आणि हवेची गाळणी. बॅटरीमुळें ही गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षां जड असते, आणि जागेवरून निघतांना सारा जोर एकदम लागतो. म्हणून टायर लौकर झिजतात. पंधरवड्यांतून एकदां हवा पाहावी, दर दहा हजार किलोमीटरांस चाकांची अदलाबदल करावी. ब्रेकची गोष्ट उलट आहे. पाय उचलतांच चाकें फिरविणारें विद्युत्-यंत्रच जनित्र बनतें, वेग कमी करतें आणि थोडी वीज बॅटरीस परत देतें. त्यामुळें ब्रेक क्वचित् वापरले जातात. आणि कोंकणच्या दमट हवेंत न वापरलेल्या लोखंडाचें काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. पावसाळ्यांत मोकळ्या रस्त्यावर, मागें कोणी नाहीं असें पाहून, अधूनमधून ब्रेक चांगला दाबावा, म्हणजे तबकड्यांवरील गंज घांसून जातो. ब्रेकचें तेलही दोन वर्षांनीं बदलावें लागतें.

पुष्कळ तक्रारींचें मूळ गाडींत नसून घराच्या भिंतींत असतें. पंधरा अँपिअरच्या प्लगवर तीस युनिटांची बॅटरी भरावयास नऊ-दहा तास लागतात. इतका वेळ अखंड भार वाहण्याची संवय आपल्या इस्त्रीच्या प्लगास नसते. तो तापतो व काळवंडतो. यासाठीं मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलें अर्थिंग हीं तिन्ही हवींत. एक्स्टेंशनच्या वायरीवर गाडी कधींच लावूं नये. अर्थिंग बिघडलें असल्यास चार्जर तांबडा दिवा लावून काम नाकारतो. लोक चार्जरास दोष देतात. वस्तुतः तो घराचाच दोष दाखवीत असतो. वैशाखांत जमीन कोरडी पडली कीं अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालावें, असें आम्हांस इलेक्ट्रिशिअननें सांगितलें. तें काम आतां आमच्याकडील मुलांनीं आपणहून पत्करलें आहे.

सर्वांत फसवी गोष्ट आहे ती धाकट्या बॅटरीची. आमच्या मातुश्रींच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस होता; सकाळीं सात वाजतां पनवेलीस पोंचावयाचें होतें. आदल्या रात्रीं बॅटरी ब्याऐंशी टक्के भरलेली दिसत होती. पहांटे मात्र गाडीचें दार उघडेना, दिवा लागेना. मातुश्री तयार होऊन ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "एवढी वीज पोटांत असून ही उठत कां नाहीं?" प्रश्न मार्मिक होता. गाडी उभी असतां मोठी बॅटरी सुरक्षिततेसाठीं बाकीच्या यंत्रापासून तोडलेली असते. तिला जोडून देण्याचें काम बारा व्होल्टची लहान बॅटरी करते. ती निर्जीव झाली कीं मोठीचा सांठा असून नसल्यासारखा. लहान बॅटरीचें आयुष्य साधारण तीन-चार वर्षांचें. आमचीस चौथें वर्ष लागलें होतें, आणि वार्षिक तपासणीच्या कागदावर तिचें नांवही नव्हतें. त्या दिवशीं शेजारच्या रिक्षावाल्यानें वेळ साधून दिली आणि शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. परंतु तिसरें वर्ष संपतांच ही बॅटरी तपासून घ्यावी, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असल्यास आठवड्यांतून एकदां ती सुरू करावी, हें तेव्हांपासून घरांत ठरलें.

घाटाचाही एक हिशेब आहे. पनवेल समुद्रसपाटीच्या जवळ, तर लोणावळें सहाशें मीटरांहून अधिक उंच. माणसांसह सतराशें किलोची गाडी तेवढी वर नेण्यासच सुमारें पावणेतीन युनिटें लागतात. वाऱ्याचा विरोध, घर्षण व थंड हवेचें यंत्र यांचा खर्च वेगळा. उतरतांना यांतील बराच भाग परत मिळतो. डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्यानें खोपोलीस जें केलें, तेंच येथें उतरणारी गाडी करते. मात्र लोणावळ्यास बॅटरी काठोकाठ भरून निघाल्यास परत आलेली वीज ठेवावयास जागाच उरत नाहीं, आणि सारा भार ब्रेकवर पडतो. म्हणून घाट उतरण्यापूर्वीं पोट थोडें रिकामें ठेवावें.

पावसाळ्याविषयीं दोन शब्द. बॅटरीची पेटी बहुधा एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकेल अशा कसोटीस उतरलेली असते. पण गाढी नदीचें पाणी रस्त्यावर आलें असतां ही कसोटी पाहण्याचें धाडस कोणी करूं नये. गाडी बुडाली असल्यास ती सुरू करूं नये, चार्जरास लावूं नये. चारी चाकें उचलणाऱ्या वाहनावरूनच न्यावी. भातखाचरांजवळ राहणाऱ्यांनीं उंदरांचाही विसर पडूं देऊं नये. नारिंगी वायरींस मात्र जाणत्या कारागिराखेरीज कोणीही हात लावतां कामा नये. त्यांतून शेंकडों व्होल्टांचा दाब वाहतो.

इतकें सारें एकट्यानें जाणावें कीं घरानें, हाच खरा प्रश्न आहे. आमच्याकडे आरंभीं सारें ज्ञान एका पुतण्याच्या मोबाइलांत होतें. तो शिक्षणासाठीं पुण्यास गेला आणि गाडी घरांत असूनही घर तिला परकें झालें. तेव्हां वहिनींनीं युक्ति काढली. ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब असतो, तिच्यावरच चाकांतील हवा, गाळणी व लहान बॅटरी यांच्या तारखा त्या मांडूं लागल्या. आणि निजण्यापूर्वीं बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खालीं असल्यास गाडी प्लगास लावणें हें शेवटीं येणाऱ्याचें काम ठरलें. वृद्ध माणसें ज्या घरांत आहेत, तेथें अपरात्रीं दवाखाना गांठण्याइतकी वीज राखणें ही हौस नसून कर्तव्य आहे. गाडीची कळ आतां कोणाच्याही हातीं असली, तरी तिची स्थिति भिंतीकडे पाहून मातुश्रींसही सांगतां येते. पेट्रोलच्या गाडीची निगा कारखान्यावर सोंपवून स्वस्थ बसतां येत असे. हिची बरीचशी निगा घरच्या संवयींतच आहे, आणि ती संवय घरांतील प्रत्येकास लागली, तरच ही मुकी गाडी वेळेस उपयोगी पडते.