आधी ब्रेक, मग इंजिन

आमच्या चिरंजीवांनी अमेरिकेत १९६५ ची मस्टँग कूपे दुरुस्तीला काढलीय. मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, २०० घनइंची; त्यांना हवंय २८९ चं व्ही-८. पण सहावालीच्या चाकाला नट चार, व्ही-८ ला पाच. म्हणजे मागचा अ‍ॅक्सल, पुढच्या स्प्रिंगा, सगळंच बदला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

मला खटकलं ते निराळंच. या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी. एका चाकाशी तेल गळलं, की चारही ब्रेक गेले. मस्टँगला दुहेरी आला तो १९६७ पासून. म्हटलं, "आधी तो बसव, पुढे डिस्क ब्रेक लाव, मगच नातीला गाडीत बसव."

"बाबा, व्ही-८ चा आवाज तरी ऐका!"

ऐकला फोनवर. भारी आहे हो! पण ब्रेकची ऑर्डर अजून गेलेली नाही.