आजीच्या नावाचं पासबुक

आमच्या कोकणातल्या घरात आजीच्या नावावर घर नव्हतं, जमीन नव्हती. पोस्टातलं खातं मात्र तिच्या एकटीच्या नावावर होतं. आजोबा मुंबईला गिरणीत. मनीऑर्डर आली की पोस्टमन पडवीत बसून तिचा अंगठा घेई आणि नोटा मोजून तिच्याच हातात देई. खर्च भागवून उरेल ते ती पोस्टात टाकायची. पोस्ट म्हणजे मास्तरांच्या घराची पुढची खोली. आजीला अक्षर येत नव्हतं, पण पासबुकातला शेवटचा आकडा ती बिनचूक ओळखायची.

हे खातं तिच्यापर्यंत कसं पोहोचलं, ते मला कायदा शिकताना उमगलं. हडर्सफील्डच्या चार्ल्स साइक्स या बँकवाल्याने सुचवलं आणि ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना, १८६१ साली, ब्रिटनमध्ये पोस्टाची बचत बँक निघाली. कामगार जिथे राहत, तिथे पोस्ट आधीच होतं. हिंदुस्थानात ती १ एप्रिल १८८२ला सुरू झाली. सरकारला रयतेकडून स्वस्तात कर्ज हवं होतं, हे खरंच. पण १८७३च्या सरकारी बचत बँक कायद्यात एक कलम होतं: विवाहित स्त्रीची ठेव तिची तिलाच देता येईल. ते वाचताना मला आजीचा अंगठा आठवला. ज्या काळात बाईची कमाई नवऱ्याची मानली जाई, त्या काळातलं हे कलम! आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात त्याला जागा मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

१९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी आमच्या गावाला पोस्टच जवळचं होतं. १९७२ साली महिला प्रधान बचत योजना आली आणि पुढे आई तिची एजंट झाली. संध्याकाळी ती दारोदार फिरून पाच वर्षांच्या आरडीचे हप्ते गोळा करी. बायकांच्या पदराच्या गाठीतून निघालेल्या त्या नोटांची त्यांच्या घरात कुणाला कल्पना नसायची. आईही कुणापाशी बोलत नसे. मला दहा वर्षं पूर्ण होताच तिने माझं खातं माझ्या सहीने उघडलं.

२०१८मध्ये त्या जुन्या कायद्याचं नाव बदललं आणि पीपीएफ, बचत पत्रंही त्यातच आली. त्याच वर्षी पोस्टाची पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. आता डाकसेवक यंत्र घेऊन दारात येतो. मी गावोगावच्या बचत गटांत जाते, तेव्हा एवढंच विचारते, ‘खातं कुणाच्या नावावर आहे?’ ‘आमच्या ह्यांच्या’ असं उत्तर आलं, की तिथल्या तिथे फॉर्म भरायला बसते.