पिना काढू नकोस

पुणे

चि. ओंकार,


तुझा मेल मिळाला. आप्पांच्या पेटीतले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक तिकडे अमेरिकेत ग्रेडिंगला द्यायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. मात्र पाठवण्याआधी गंजलेल्या पिना बदलून घे, फाटलेल्या पाठीला चिकटपट्टी लाव, मुखपृष्ठावरचं पेन्सिलीतलं नाव पुसून टाक, असं तू सुचवलं आहेस. यातलं काहीही मी करणार नाही, आणि तूही कधी करू नकोस. का, ते सविस्तर लिहिते.

अमेरिकेत जुनी कॉमिक्स टपालाने विकली जायची तेव्हा अंक ‘फाइन’ आहे की नुसताच ‘गुड’, हे विकणाराच ठरवायचा. घेणाऱ्याला खरं काय ते पाकीट फोडल्यावर कळायचं. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी किमतींचं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि हळूहळू या प्रतवारीला शिस्त आली. पुढे २००० साली सीजीसी ही कंपनी निघाली. ती तिऱ्हाईत म्हणून अंक तपासते. पानं मोजली जातात, दुरुस्ती केलेली आहे का ते पाहिलं जातं, ०.५ ते १० मधला एक आकडा दिला जातो आणि अंक पारदर्शक कडक प्लास्टिकमध्ये कायमचा बंद होतो. ९.४ म्हणजे जवळजवळ कोरा. ६ म्हणजे वाचलेला, पण जपलेला. २ म्हणजे पुष्कळ हात लागून झिजलेला, तरी बहुतेक शाबूत. शाबूत असण्याला फार किंमत आहे. १९७४ च्या ‘इनक्रेडिबल हल्क’ १८१ या अंकात वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्णपणे अवतरला. त्या अंकात वाचकांनी कापून जमवायचा एक छापील स्टॅम्प होता. मुलांनी तो हौसेने कापला, आणि आज बाहेरून झकास दिसणारी प्रतही आतला तो चौकोन नसेल तर एकदम खाली येते.

आता आपले अंक कसे पाहायचे ते सांगते. हातात घेतल्यावर लगेच उघडू नकोस. खिडकीपाशी जाऊन अंक तिरका धर आणि उजेड मुखपृष्ठावरून सरकू दे. समोरून सपाट वाटणाऱ्या कागदावर मोडी दिसू लागतील. कागद नुसता दबला आहे की शाई तडकून खालचा पांढरा कागद उघडा पडला आहे, हे नीट बघ. शाई तुटली की आकडा बराच घसरतो, आणि पारखी नजर सगळ्यात जास्त इथेच लागते. मग पाठ बघ. पिनांच्या आसपास आडव्या बारीक रेघा असतात, त्या अंक उघडताना पडलेल्या. अंक मागे दुमडून एका हातात धरून वाचला असेल तर पाठ एका बाजूला सरकलेली दिसते. मधलं जोडपान पिनांना घट्ट आहे ना, तेही पाहा. शेवटी पानांचा रंग. पांढरा, सायीसारखा, तपकिरी. आणि त्याही पुढे, हात लागताच तुकडा पडणारा. हा न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्लामुळे कागद ठिसूळ होतो. हे सगळं घडत असताना घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

याच्या उलटही घडतं. एडगर चर्च नावाचे डेन्व्हरचे एक व्यावसायिक चित्रकार होते. त्यांनी वर्षानुवर्षं कॉमिक्स विकत घेऊन घरात थप्प्या लावून ठेवली होती. १९७७ साली चक रोझान्स्की यांनी तो संग्रह घेतला, तेव्हा १८,००० हून अधिक अंक निघाले, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकांचीही पानं पांढरी होती. कोलोरॅडोची हवा थंड आणि कोरडी, अंधार, आणि वरच्या अंकांच्या वजनाने हवा आत शिरायला जागा नाही. तिथे कुणी काही दुरुस्त केलं नव्हतं. म्हणूनच ती पानं आज इतकी मोलाची.

तुझ्या तिन्ही सूचनांचं उत्तर यातच आहे. अंकाला जे झालं ते त्याच्यावर उघड दिसलं पाहिजे. उडालेल्या रंगावर शाई भरणं, कडा छाटून सरळ करणं, फाटलेलं जोडणं हे सीजीसीत पकडलं जातं, आणि अशा अंकाला बहुधा निळ्याऐवजी जांभळं लेबल मिळतं. आकडा तोच असला तरी किंमत फार खाली येते. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग काढताही येत नाही. खोडरबराने पेन्सिलीबरोबर मुखपृष्ठाची चकाकीही जाते. पिना बदलल्या तरी भोवतालचा गंजाचा डाग तसाच राहणार, मग नवी पीन आणि जुना डाग पाहून परीक्षक काय समजायचं ते समजेल. शिवाय ते नाव आप्पांनी शाळेत असताना लिहिलेलं आहे. त्यासाठी आकडा थोडा खाली गेला तर जाऊ दे.

आपल्या अंकांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईत सुरू केलं, साठ पैशांना. मराठीतही अंक निघायचे. फँटम आपल्याकडे वेताळ झाला. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९० मध्ये मालिका थांबेपर्यंत आठशेहून अधिक अंक निघाले, पण चांगल्या स्थितीतले किती उरले असतील? वाचनालयांत भाड्याने फिरले, रद्दीत गेले, पावसाळ्यात एकमेकांना चिकटले, कसरीने खाल्ले. आणि ज्यांचा अंकांवर जीव होता त्यांनी दहा-दहा अंक बाइंडरकडे नेले. बाइंडरने बाजूने टाके घातले, तिन्ही कडा मशीनने कापल्या, वर पुठ्ठा चढवला. अमेरिकेच्या मापाने ते सगळे अंक छाटलेले. पण त्या पुठ्ठ्यामुळेच ते आज आहेत. आपल्या दमट हवेत पन्नास वर्षं राहून एखादा सुटा अंक ६ ला पोचला, तर मला तो डेन्व्हरच्या ९.४ पेक्षा मोठा वाटतो. मापात सवलत मात्र मागायची नाही. मोजपट्टी सगळ्यांना एकच हवी, नाहीतर तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

तेव्हा बांधीव खंड इथेच राहतील, उसवायचे नाहीत. सुट्या अंकांपैकी बहादूरचे दोन आणि वेताळचा तो जांभळ्या मुखपृष्ठाचा, एवढेच पाठवू. त्याआधी मी पान न् पान स्कॅन करून ठेवते, कारण पेटीबंद झाल्यावर वाचता येणार नाहीत. डिसेंबरमध्ये येताना पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लमुक्त पुठ्ठे घेऊन ये. इथे मिळणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवायला मन धजत नाही. अंक तू स्वतःच्या हातबॅगेत न्यायचेस, कुरिअरने नाही.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या