एकच खड्डा

उतारवयाच्या उंबरठ्यावर माणसाला कसला ना कसला छंद जडतो असें म्हणतात. कोणी गुलाबाचीं कलमें लावतो, कोणी होमिओपॅथीचीं पुस्तकें जमवितो. मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं एका वेगवान मोटारीचा मोह पडला. मोटार अर्थात् जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. २०१४ सालची पोलो जी. टी. चाकणच्या कारखान्यांत तिचा जन्म झाला, आणि २०२२ सालीं तिची जातच आपल्याकडे बनावयाची बंद झाली. बाराशें घनसेंटिमीटरचें तिचें लहानसें इंजिन टर्बोच्या जोरावर १०५ अश्वशक्ति देतें. महाविद्यालयाच्या आवारांत ती उभी केली कीं विद्यार्थी एकदां तिच्याकडे आणि एकदां माझ्याकडे पाहत. त्या दोन नजरांतील फरक मला कळत नसे असें नाहीं.

आधींच्या मालकानें तिच्या स्प्रिंगांचे वेढे कापून तिला जमिनीलगत बसविली होती. त्यामुळें ती दबा धरलेल्या चित्त्यासारखी दिसे. आमच्या चिरंजिवांना तिचें हेंच रूप विशेष भावलें होतें; आणि खरें सांगावयाचें तर मलाही.

परंतु आम्ही राहतों नावड्याला. एका बाजूला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला कळंबोलीचा पोलादबाजार, आणि मधून मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा हमरस्ता. रसायनांचे टँकर आणि पोलाद वाहणारे ट्रेलर येथें रात्रंदिवस धावत असतात. पावसाळा सरतां सरतां त्या रस्त्याला जी कळा येते ती येथील रहिवाशांना सांगावयास नको. अशा रस्त्यावर दबा धरणाऱ्या चित्त्याचें पोट जागोजागीं घासतें.

आईचें वय एक्याऐंशी. दोन वर्षांपूर्वीं तिच्या मणक्याला इजा झाली; तेव्हांपासून दर महिन्याला तिला पनवेलच्या डॉक्टरांकडे नेणें आलें. रिक्षांत तिला बसवत नाहीं. म्हणून माझी ही मोटारच तिची पालखी झाली. गेल्या भाद्रपदांत नावडे फाट्याजवळ पुढचें चाक एका खड्ड्यांत गेलें. वेग मीं कमीच ठेवला होता, खड्डाही फारसा खोल नव्हता. आईनें दाराची मूठ घट्ट धरली, डोळे मिटले, आणि गाडी पुढें गेल्यावर शांतपणें विचारलें, "अरे, खड्डा एकच होता ना? मग तो तीनदां कां लागला?"

मीं उत्तर दिलें नाहीं. उत्तर येत नव्हतें म्हणून नव्हे, फार चांगलें येत होतें म्हणून. गेलीं सत्तावीस वर्षें मी पदार्थविज्ञान शिकवितों. दर वर्षीं फळ्यावर अवमंदित दोलनाची वक्ररेषा काढतों: पहिली लाट मोठी, दुसरी तिच्याहून लहान, तिसरी त्याहूनही लहान, आणि मग शांत सरळ रेषा. ही रेषा मीं शेंकडों वेळां काढली असेल; पण ती कोणाच्या मणक्यांतूनही जात असेल हें आईनें विचारीपर्यंत मला सुचलें नव्हतें.

गाडीच्या सस्पेन्शनमध्यें दोन निराळ्या वृत्तीचे भागीदार नांदतात. स्प्रिंग धक्का पोटांत घेते. पण घेतलेलें ठेवून घेणें तिच्या स्वभावांत नाहीं, तें ती परत करते. रॉबर्ट हूकनें १६७८ सालीं जो नियम प्रसिद्ध केला त्याचें सार हेंच, कीं जेवढी दाबाल तेवढ्या जोरानें ती उलटेल. ज्याला आपण शॉकअॅब्सॉर्बर म्हणतों, आणि कारागीर ज्याला शॉकप म्हणतो, त्याचें खरें काम तें उलटणें आवरण्याचें. त्याच्या नळींत तेल असतें. दट्ट्या हालला कीं तें तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून कष्टानें वाट काढतें, आणि त्या कष्टांत धक्क्याची शक्ति उष्णता होऊन हवेंत निघून जाते. तेल गळालें किंवा झडपा झिजल्या कीं स्प्रिंगला आवरणारें कोणी उरत नाहीं, आणि एका खड्ड्याचे तीन होतात.

आमच्या गाडीचे शॉकप थकलेले होतेच. वर स्प्रिंगा कापलेल्या. वेढा कापल्यानें स्प्रिंग नुसती आखूड होत नाहीं, ताठही होते. काम करणाऱ्या पांच वेढ्यांतून एक गेला तर ताठपणा सव्वापट होतो. शिवाय कापलेलें टोंक आपल्या जागीं नीट बसत नाहीं, आणि शॉकपचा दट्ट्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आपटूं लागतो. चित्त्याचा दबा म्हणून मी जें मिरवीत होतों तें खरोखर पाठ दुखावलेल्या जनावराचें बसणें होतें.

या कामासाठीं, आईच्या औषधांना हात न लावतां, माझ्याजवळ पन्नास हजार रुपये होते. मी आणि चिरंजीव कळंबोलीच्या एका कारागिराकडे गेलों. त्यानें तीन वाटा दाखविल्या. पहिली कॉइलओव्हरची: स्प्रिंग आणि शॉकप यांचा एकत्र जोड, उंची हवी तशी कमीजास्त करतां येणारा, पण चांगला जोड आमच्या ऐपतीबाहेरचा, आणि स्वस्तांतला घ्यावयाचा तर झडपांचा भरंवसा नाहीं. दुसरी वाट नामांकित कारखान्याच्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉकप. तिसरी अगदीं निरस: मूळ उंचीच्या स्प्रिंगा, मूळ प्रतीचे नवे शॉकप, आणि झिजलेलें सारें रबर बदलणें.

चिरंजीव दुसऱ्या वाटेचे पुरस्कर्ते. "बाबा, नुसत्या स्प्रिंगा तरी आखूड घेऊं, शॉकप मागाहून पाहतां येतील," तो म्हणाला. येथेंच बहुतेकांची फसगत होते. बिल्स्टाइन या जर्मन कारखान्याच्या यादींत हा भेद स्वच्छ मांडलेला आहे: बी-४ हा मूळच्या शॉकपच्या जागीं घालावयाचा, बी-६ मूळच्या उंचीच्या स्प्रिंगांसह पण अधिक ताठ, आणि बी-८ आखूड स्प्रिंगांसाठींच निराळा केलेला. स्प्रिंग आणि शॉकप हें जोडपें आहे; एकाला बदलून दुसऱ्याला तसेंच ठेवलें तर संसार चालत नाहीं. पुन्हा १९८८ सालच्या मोटर वाहन कायद्याचें कलम ५२ आहेच; मालकानें कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करूं नये असा त्याचा रोख आहे.

"पण मग ती स्पोर्ट्स कार कसली?" त्यानें विचारलें. त्याचा हा प्रश्न मला खरोखरच पटण्यासारखा वाटला, कारण तो माझाही होता. मीं त्याला लोटस एलानची गोष्ट सांगितली. कॉलिन चॅपमनच्या लोटस कारखान्यानें १९६२ सालीं ती गाडी इंग्लंडांत आणली. वजनानें हलकी, स्प्रिंगा मऊ, शॉकप नेमके. आणि तरीही वळणावर तिची पकड आजतागायत वाखाणली जाते. खडबडीत रस्त्यावर ताठ गाडीचें चाक उडतें, आणि उडालेल्या चाकाला रस्ता धरतां येत नाहीं. वेग चाकाच्या पकडींतून येतो, बसकेपणांतून नव्हे.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आजीला पुढच्या सोमवारीं न्यायचें आहे ना? मग तिसरीच वाट घेऊं."

चार स्प्रिंगा, चार शॉकप, त्यांच्या माथ्यावरचीं माउंटिंगें, रबरी ठोकळे, खालच्या आर्मचे बुश, आणि शेवटीं चाकांचें अलाइनमेंट, कारण उंची बदलली कीं चाकांचे कोनही बदलतात आणि टायर एका बाजूनें झिजतात. उरलेल्या पैशांत पुढचे दोन टायर आले. गाडी दुकानांतून बाहेर पडली तेव्हां ती चित्त्यासारखी मुळींच दिसत नव्हती. एखाद्या शाळामास्तरासारखी ताठ उभी होती. चिरंजिवांनीं तिच्याकडे पाहून एक सुस्कारा टाकला.

पुढच्या रविवारीं तो तिला जुन्या रस्त्यानें खोपोलीचा घाट चढून खंडाळ्याला घेऊन गेला. परत आल्यावर किल्ली माझ्या हातांत देत एवढेंच म्हणाला, "बाबा, पूर्वीं वळणावर मी गाडीला धरून बसत असें, आज ती रस्त्याला धरून होती."

सोमवारीं आईला घेऊन निघालों. नावडे फाट्याजवळचा तो खड्डा तसाच होता. मी मुद्दाम त्याला टाळलें नाहीं, हें कबूल करतों. प्रयोगाची खोड जात नाहीं. चाक खालीं गेलें आणि वर आलें.

"एक," आई म्हणाली, आणि दाराची मूठ धरून पुढच्या धक्क्याची वाट पाहत राहिली. कळंबोली आली तेव्हां तिनें ती मूठ सोडली.