सदरा पुढून फाटला की मागून?

प्रत्येक आईबापाने आजच्या आज ऐकावी अशी एक हदीस मला सापडली आहे! मुंब्र्याला नणंदेकडे बायकांच्या तालीमला गेले होते. तिथे ती वाचली गेली आणि मग माझं दुसऱ्या कशात लक्षच लागेना. सहीह बुखारीतली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) सोबत्यांमध्ये बसले आहेत, खजुरीच्या झाडाचा गाभा खायला आला आहे आणि तो खाता खाता ते कोडं घालतात: एक झाड आहे, त्याची पानं गळत नाहीत, ते मोमिनासारखं आहे, सांगा कुठलं? मोठी मोठी माणसं रानातली झाडं आठवत बसतात. अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) त्या दहा जणांत सगळ्यांत लहान. त्यांच्या मनात येतं, खजूर! पण थोरांपुढे बोलायचं कसं, म्हणून गप्प राहतात. नंतर वडिलांना, हजरत उमर (रजि.) यांना सांगतात, तर वडील म्हणतात, तू बोलला असतास तर मला केवढा आनंद झाला असता!

अहो, खूण समोरच होती! खजुरीचा गाभा सगळ्यांनी पाहिला, पण त्याचा कोड्याशी मेळ घातला तो त्या लहान मुलाने. वाचलेलं समजणं म्हणजे आणखी काय असतं?

माझी लेक चौथीत आहे. घडाघडा वाचते. बालभारतीचे धडे, नाजरा कुरआन, दुकानांच्या पाट्या, सगळं. पण धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून धड्यातली ओळ जशीच्या तशी उतरवते. ही हदीस ऐकल्यावर मला दिसलं, तिला असा प्रश्न हवा ज्याचं उत्तर ओळीत लिहिलेलंच नाही, फक्त खूण आहे.

संधी लगेच मिळाली. भिवंडीला माहेरी निघालो होतो. आमच्या कोपर स्टेशनात लोकल खालून जातात आणि दिवा-वसईची गाडी वरून, आणि वरच्या फलाटावर गाडीची वाट पाहण्यात भरपूर वेळ मिळतो. मी सूरह यूसुफची गोष्ट काढली. 111 आयतींची, एकसलग, आणि तिची सुरुवातच मुळी एक मुलगा वडिलांना आपलं स्वप्न सांगतो इथून! भाऊ यूसुफना (अलै.) विहिरीत टाकतात, सदऱ्याला खोटं रक्त लावून आणतात, लांडग्याने खाल्लं म्हणून रडतात. मी थांबले. वडिलांचा विश्वास का बसला नसेल गं?

उत्तर सांगायला जीभ नुसती शिवशिवत होती, पण बोलले नाही. गप्प बसणं हाच यातला सगळ्यांत कठीण भाग, खरंच सांगते. आणि मग ती म्हणाली, “अम्मी, लांडग्याने खाल्लं तर सदरा फाटला असता ना?” माझ्या अंगावर काटा आला! कुरआनात फक्त खोट्या रक्ताचा उल्लेख आहे. सदरा धड होता हे जुन्या भाष्यकारांनी ताडलं, आणि इथे चौथीतली पोर तेच सांगत होती.

मग मिसरमधला सदरा. यूसुफवर (अलै.) खोटा आळ येतो आणि साक्षीदार म्हणतो, सदरा पुढून फाटलाय की मागून ते बघा. तिने स्वतःचा फ्रॉक पुढून ओढून पाहिला, मागून ओढून पाहिला आणि ओरडलीच, “मागून! म्हणजे ते पळत होते!”

सहाबा दहा आयती शिकायचे आणि त्यांतलं ज्ञान नि अमल अंगी आल्याशिवाय पुढे जात नसत, अशी रिवायत आहे. आता आमच्याकडे बालभारतीचा धडासुद्धा तसाच चालतो. एक परिच्छेद, एक खुणेचा प्रश्न, आणि आधी तिने बोलायचं. इतिहासाच्या पुस्तकातही ती आता खुणा शोधते!

तिसऱ्या सदऱ्यापाशी मात्र तिने मलाच अडवलंय. तो सदरा घेऊन काफिला निघतो न निघतो तोच दूरवर वडिलांना यूसुफचा सुगंध येतो. “एवढ्या लांब कसा गं आला, अम्मी?” येत्या तालीमला तिला सोबत नेणार आहे. हे तिचं तिनेच विचारायचं, सगळ्या मोठ्या बायकांसमोर.