रुळांमधली फट

भाचीने एडिंबराहून फोटो पाठवला. किल्ल्याचा नाही, स्वतःचाही नाही. वॉटर्लू प्लेस नावाच्या रस्त्यावर दगडी फरशीत ट्रामच्या रुळांचा एक तुकडा जपून ठेवलाय, त्याचा. दोन रुळांच्या बरोबर मध्ये एक लांबच लांब फट. खाली प्रश्न : ‘मामा, ही कशाला असेल?’

अभ्यासदौऱ्यावर गेलेल्या पोरीला एवढा प्रश्न पडला म्हणजे दौऱ्याचे पैसे वसूल. त्यांचा छापील कार्यक्रम मी पाहिला होता. अमुक वाजता हे, तमुक वाजता ते, मध्ये ‘ग्रुप फोटो’. असं शहर बघता येतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. एक दिवस पोरांना मोकळं सोडलं, तेवढंच काय ते शहाणपण.

तर फट. त्या फटीखालून एके काळी जाडजूड पोलादी दोर धावायचा. एडिंबरा चढउतारांचं गाव, त्यात समुद्राकडे उतरणारे काही रस्ते इतके उभे की ट्रामचे घोडे तिथे टेकीला यायचे. म्हणून 1888 साली ही युक्ती आली. एका बाजूला इंजिनघर, तिथे वाफेचं इंजिन प्रचंड चाकं फिरवतंय आणि चाकांवरून निघालेला दोर रस्त्याच्या पोटातून शहरभर फिरून परत येतोय. ट्राममध्ये इंजिन नाही, काही नाही. तिच्या पोटातून एक चिमटा फटीत उतरलेला. चालकाने चिमटा आवळला की गाडी निघाली; सोडला आणि ब्रेक दाबला की थांबली. दोर मात्र थांबायचा नाही. गाडी समोर नसली तरी रस्ता आपला खालून घरघरतोय. कधी दोराचा एखादा पीळ उसवायचा आणि चिमट्यात अडकायचा. मग चालकाच्या हातात काही उरायचं नाही. इंजिनघराला निरोप पोचून दोर बंद पडेपर्यंत गाडी पुढे चाललेलीच. आणि दोर बंद म्हणजे त्या मार्गावरच्या सगळ्याच गाड्या जागच्या जागी उभ्या, त्यांचा काही दोष असो-नसो. 1922-23 मध्ये वीज आली आणि हा सगळा खेळ संपला. मला विजेच्या ट्रामबद्दल आदर आहे, पण जीव दोरावाल्या ट्रामवर.

हे सगळं भाचीला लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली : ‘आपल्या पारनेरचा एक जण या फटीवरून गेला असणार.’

पांडुरंग महादेव बापट. जन्म 1880, पारनेर. डेक्कन कॉलेजातून बी.ए., मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती आणि 1904 साली थेट एडिंबरा, हेरियट-वॅट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. कॉलेज तेव्हा चेंबर्स स्ट्रीटवर होतं. तिथून निघून नॉर्थ ब्रिज ओलांडला की भाचीची ती फट. पंधराएक मिनिटांची चाल. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. हिंदुस्तानातल्या ब्रिटिश राज्यावर जाहीर निबंध वाचला, शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाउस, पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या, 1908 ला परत. मग मुळशी, मग सेनापती. शाळेत हे आम्हाला एका दमात सांगितलं गेलं. पॅरिसला तो माणूस बॉम्बच शिकायला गेला हे मान्य, पण त्याआधी एडिंबरात किती शनिवार गेले असतील! दुपारी कॉलेज सुटलंय, खिशात मोजके पेन्स, भुरभुर पाऊस. पारनेरकडे पावसाची वाट बघण्यात हयाती जातात आणि इथे तो विनाकारण, कुणी न बोलावता, दिवसभर पडतोय. बापटांना त्या पावसाचा राग आला असेल, असं मला उगाच वाटतं.

आणि एक वाजता किल्ल्यावरून तोफ. ही तोफ 1861 पासून रविवार वगळता जवळपास रोज उडते; सुरू झाली ती बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. पुण्यात नंगी तलवार हातात घेऊन देशासाठी शपथ वाहिलेला तरुण साम्राज्याच्या तोफेचा बार ऐकतोय आणि आजूबाजूची माणसं निमूट खिशातलं घड्याळ काढून काटा सारखा करतायत. त्यानेही केला असेल. करायलाच हवा, नाहीतर पुढच्या तासाला उशीर.

यंत्रं शिकायला गेलेल्या या माणसाने पुढे मुळशीच्या धरणाच्या लढ्यात रुळांवर दगड रचून गाडी अडवली, हे मी भाचीला लिहिलं नाही. दौऱ्यावर सरही सोबत आहेत.

त्याऐवजी पिलरिगला जाऊन ये म्हटलं. त्या काळी लीथ बंदराची नगरपालिका वेगळी. 1905 मध्ये तिने विजेच्या ट्राम आणल्या आणि एडिंबराचा दोर तसाच राहिला. दोघांची हद्द पिलरिगला. सरळसोट एकच रस्ता, पण हद्द आली की सगळे उतारू खाली, मुलाबाळांसकट, पाऊस असो नसो आणि पलीकडच्या ट्राममध्ये जागेसाठी झुंबड. दोन्ही गावं 1920 ला एक झाली तरी ही उतरचढ आणखी दोनेक वर्षं चाललीच. लोक त्याला ‘पिलरिगचा घोळ’ म्हणायचे.

नगरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. माळीवाडा, तारकपूर, पुणे स्टँड : एका गावात तीन एसटी स्टँड. उतरायचं एकीकडे, पुढची गाडी दुसरीकडे. कॉलेजात असताना पत्र्याची ट्रंक आणि आईने दिलेला भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन मी भर उन्हात हा प्रवास पायी करायचो, कारण रिक्षाला द्यायचे पैसे मध्येच रसवंतीत जायचे. आलं-लिंबू घातलेला रस, बर्फ कमी. रसवाला ट्रंक बघूनच विचारायचा, ‘कोणत्या स्टँडला?’ आणि मी जो सांगेन त्याच्या नेमका उलट हात करून म्हणायचा, ‘आज तिकडून सुटतीय, कंडक्टर आत्ताच रस पिऊन गेला.’