चौकटीवरचा आकडा

रत्नागिरीकडचं आमचं गाव नकाशावर नखाखाली झाकतं, पण पायी निघालं की संपता संपत नाही. वर जांभ्याचा सडा, वैशाखात तव्यासारखा तापणारा आणि भादव्यात बोटभर मातीवर सीतेच्या आसवांनी निळाजांभळा होणारा. सड्यावरून उतरणारी शेवाळलेल्या चिऱ्यांची पाखाडी, पाखाडीच्या अंगानं बडबडत जाणारा पऱ्या, पऱ्याच्या अल्याड-पल्याड गडग्यांआड बसलेल्या वाड्या, मग भाताची खाचरं, आणि खाचरांच्या टोकाशी, भरतीला फुगणारी, ओहोटीला चिखल उघडा टाकून निघून जाणारी खाडी.

सगळं गाव म्हणजे एक उतार.

पलीकडच्या सड्यावर कातळात कोरलेले हत्ती आहेत, मासे आहेत, हात सोडून उभी माणसं आहेत, हजारो वर्षांची. त्यांची शिरगणती कुणी केली नाही, तरी ती अजून जागच्या जागी आहेत. आमची झाली. 2001 साली जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 साली 16,15,069 उरली. देशात माणसं वाढत होती, आमच्याकडे ओटीवरचे झोपाळे थांबत होते. हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका, असंही त्याच कागदात आहे. मला त्यात शेजारची काकू दिसते, तिन्हीसांजेला पडवीत सूप घेऊन बसलेली, पाखाडीवर पाऊल वाजलं की मान वर करणारी.

शिमग्याला पालखी येते तेव्हा गाव एकदम भरतं. मुंबईच्या गाड्या, सहाणेवर ढोल, गुलाल, विहिरीवर पोरांचा कालवा, एकेका घरात वीस-वीस पानं. चार दिवस. मग गाड्या घाटाकडे वळतात, आणि अंगणात नारळाच्या करवंट्या तेवढ्या राहतात.

आमच्या दाराच्या चौकटीवर मागच्या मोजणीचा गेरूचा आकडा अजून आहे. सातातला वरचा फाटा पुसट झालाय. त्याखाली कुलूप. मृगाच्या आधी काकू वाडीतल्या सगळ्या बंद घरांवरून फिरते, नऊ किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून. दर कुलपात खोबरेलाचा एक थेंब सोडते, किल्ली एकदा फिरवून पाहते, मग दुधाची रिकामी पिशवी कुलपावर ओढून सुतळीनं घट्ट बांधते, पोराच्या डोक्याला टापशी बांधावी तशी.

आणि पुढच्या दाराकडे वळते.